बर्ग म्हणजे गाव का? हो पण आणि नाही पण

प्रश्न असा आलाय की हॅम्बर्ग, हायडेलबर्ग, न्यूरेम्बर्ग आणि आता मामेभावाने फोटो पाठवले ते रोथेनबर्ग, तर हे 'बर्ग' आपल्या 'पूर'सारखं आहे का, आणि रोथेनबर्गमागे 'ओब देर टाउबर' हे शेपूट कसलं?

आधी एक घोळ मिटवू. जर्मनमध्ये हे दोन वेगळे शब्द आहेत, बुर्ग म्हणजे किल्ला आणि बेर्ग म्हणजे डोंगर, आपण दोन्ही इंग्रजीच्या हातून घेतले म्हणून दोघांचाही बर्ग झाला. हाम्बुर्ग, रोथेनबुर्ग हे किल्लेवाले, हायडेलबेर्ग, न्युर्नबेर्ग हे डोंगरवाले. (जर्मन माणूस शेवटचा ग धड म्हणतच नाही, कानाला बुर्क, बेर्क असंच येतं, त्यामुळे स्टेशनवर अनाउन्समेंट ऐकून गोंधळ होतो तो वेगळाच.)

आता किल्ल्याचं गाव कसं होतं ते रोथेनबुर्गमध्ये मस्त दिसतं. रोट म्हणजे लाल, सरळ फोड केली तर लाल किल्ला. 1142 च्या सुमारास राजा कोनराड तिसरा याने टाउबर नदीच्या वरच्या अंगाला, तिन्ही बाजूंनी दरी असलेल्या सोंडेवर किल्ला बांधला, आणि मोकळी बाजू एकच, पूर्वेची, म्हणून वस्ती तिकडेच पसरत गेली. तटबंदी झाली, गाव त्यात मावेना म्हणून आणखी बाहेरून दुसरी झाली. बाजारचौकातून पूर्वेला चालत निघालात तर आधी मार्कुस बुरूज आणि त्याला चिकटलेली कमान लागते, ही जुन्या तटाची वेस, आणि त्याच रस्त्याने थोडं पुढे गेलं की र्‍योडर वेस, ती नव्या तटाची. दोन वेशींमधलं अंतर म्हणजे गावाची मधली वाढ, पायाने मोजून घ्या. दक्षिणेला धर्मशाळा-दवाखान्याची वस्ती नंतर तटाच्या आत घेतली, तो भाग नकाशावर असा लोंबतो की त्याला टोपीचं टोक म्हणतात.

1274 मध्ये राजा रुडॉल्फने (हा हाब्सबुर्ग घराण्याचा, म्हणजे परत बुर्गच!) गावाला राइशश्टाट केलं. याला मराठीत 'मुक्त साम्राज्यनगर' असं काहीतरी जड लिहितात, मला विचाराल तर आपला 'खालसा' शब्द जास्त जवळचा, मधे कोणी सरंजामदार नाही, थेट राजाच्या हाताखाली. आणि गंमत पुढेच आहे, 1356 च्या भूकंपात किल्लाच पडला, आज तिथे बाग आहे आणि एक छोटं चॅपल, पण गाव मात्र बुर्गच राहिलं. तटाच्या आत हक्क असलेला माणूस तो ब्युर्गर, म्हणजे नागरिक, तोही याच शब्दातून. आपल्या 'पूर'चं तेच झालंय, वेदात पुर् म्हणजे तटबंदीची जागा, नंतर नुसतं गाव. तेव्हा प्रश्नातली तुलना चुकीची नाही, फक्त बुर्गपुरती खरी आहे, बेर्गला लावू नका.

शेपटाचं म्हणाल तर रोथेनबुर्ग नावाची गावं अनेक, म्हणून ओळख द्यावी लागते, आपण पिंपळगाव बसवंत म्हणतो तसं. 'ओब' म्हणजे 'च्या वर', हा जुना अर्थ आता गावांच्या नावातच उरलाय, क्लासमध्ये ओब म्हणजे 'की नाही' असं शिकवतात म्हणून पोरं अडखळतात. 'देर' हे जर्मनमधलं 'the', नामाच्या लिंगाप्रमाणे बदलणारं, इथे 'देर' आलं कारण टाउबर स्त्रीलिंगी. माइन नदी पुल्लिंगी, म्हणून फ्रांकफुर्ट 'आम' (म्हणजे 'आन देम', 'च्या काठी') माइन. जर्मनीत नद्याही आहेत आणि नदही.

लिहिताना मी रोथेनबुर्ग लिहितो, हॅम्बर्ग रुळलंय ते राहू दे. आणि हो, हॅम्बर्गरमध्ये हॅम नाही, हाम्बुर्गचा तो हाम्बुर्गर, त्यातला बर्गर लोकांनी नंतर तोडून घेतला, कोल्हापुरीतली 'पुरी' तोडून तिलाच चप्पल म्हणावं तसा.