सौदीला पंप पाठवायचेत, आयएसआय मार्क चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाळूजला अर्धा आणि एक एचपीच्या घरगुती पंपांचा छोटा कारखाना आहे, आयएसआय आहे, जेद्दाहच्या व्यापाऱ्याकडून पहिली ऑर्डर आलीय आणि एक एजंट ‘सगळी सर्टिफिकेटं काढून देतो’ म्हणून एकरकमी पैसे मागायलाय. द्यावेत का?

आत्ता देऊ नका. मी चिकलठाण्यात पंपच बनवतो आणि याच वाटेनं गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आयएसआय मार्क तिथं चालत नाही. आपलं आयएस ९०७९ हे पंपाचं भारतीय मानक बघितलंत तर त्याचा भर पंप किती हेडला (म्हणजे किती उंचीवर) किती पाणी देतो यावर आहे. सौदीचे नियम सासो ही त्यांची मानक संस्था ठरवते आणि कागदपत्रांचं काम २०१९ पासून साबेर नावाच्या ऑनलाइन प्रणालीवर चालतं. तिथं मालाची नोंद तुमच्या व्यापाऱ्यानं स्वतःच्या खात्यातून करायची असते. मालाचं सर्टिफिकेट वर्षभर चालतं, शिवाय प्रत्येक कन्साइनमेंटला वेगळं लागतं. घरगुती पंपासारख्या विजेच्या वस्तूंना त्याआधी सीबी टेस्ट रिपोर्ट लागतो, म्हणजे सीबी या आंतरराष्ट्रीय योजनेतल्या लॅबचा सुरक्षिततेचा अहवाल. पंपासाठी तो आयईसी ६०३३५ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या भाग २-४१ प्रमाणे होतो.

पण दादा, कागदाच्या आधी पंप बघा. आपल्याकडं लाइट ५० हर्ट्झची, सौदीत ६० ची. व्होल्टेज २३० च, म्हणून आपल्याला वाटतं काही फरक पडणार नाही. इथं मिनिटाला २९०० फेऱ्यांच्या आसपास फिरणारी मोटर तिथं ३४०० च्या पुढं जाते. वेग सव्वापट सुद्धा वाढत नाही, पण पंपाचा लोड वेगाच्या घनात वाढतो: १.२ चा घन म्हणजे १.७३. एक एचपीचा पंप पावणेदोन एचपी मागायला लागतो. पाणी जोरात येतं, गिऱ्हाईक खूश होतं आणि मोटरचं वायंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जळतं. लॅबमध्ये तर तेवढाही वेळ लागत नाही. ३०० वॅटच्या वरच्या मोटरला नेमप्लेटपेक्षा साधारण १५ टक्केच जास्त वॅट ओढायची मुभा आहे. आमचा पहिला नग तिथंच नापास झाला. मग इंपेलरचा (पाणी ढकलणाऱ्या आतल्या चक्राचा) व्यास कमी केला, वायंडिंगचा डेटा नव्यानं काढला, दोन महिने गेले.

दुसरी गोष्ट, सर्टिफिकेट तपासलेल्या त्याच मॉडेलचं असतं, आतल्या सुट्या भागांसकट. कपॅसिटर, टीओपी (मोटर तापली की बंद करणारा भाग), केबल, टर्मिनल बॉक्स, सगळ्यांचा मेक आणि रेटिंग रिपोर्टात लिहिलेलं असतं. आमच्या दुसऱ्या कन्साइनमेंटच्या वेळी नेहमीचा टीओपी बाजारात मिळेना, तर खरेदीवाल्या पोरानं दुसऱ्या मेकचा आणला. रेटिंग तेच, भाव चार रुपये कमी, कुणाला काही वाटलं नाही. तपासणीला आलेल्या माणसानं एक खोका उघडला, टर्मिनल बॉक्सचे स्क्रू काढले, आतला नंबर रिपोर्टातल्या नंबराशी लावून बघितला आणि पेन खाली ठेवलं. दिवाळीच्या तोंडावर ४०० पंप पुन्हा खोलले. बायामाणसं रात्री दहापर्यंत बसून होती. तेव्हापासून आमच्याकडं एक्स्पोर्टच्या मालाचं वेगळं कपाट आहे आणि त्याची किल्ली माझ्याकडं असते. म्हणून लॅबला नग देण्याआधी असेच पुरवठादार निवडा जे वर्षभर तोच माल देतील. स्वस्ताचं नंतर बघू म्हणून चालत नाही.

नेमप्लेटकडंही लक्ष द्या. लॅबवाले ओल्या फडक्यानं १५ सेकंद घासतात, मग पेट्रोलियम स्पिरिटनं १५ सेकंद, आणि अक्षरं तशीच वाचता यायला पाहिजेत. आपली साधी स्टिकर पुसून फडकं काळं होतं. घरीच करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. वायरला पिन (प्लग) लावून पाठवणार असाल तर तिथं ब्रिटिश पद्धतीची तीन चपट्या दांड्यांची लागते.

आता एजंटचं. त्याच्याकडून खर्च फोडून मागा: लॅबची फी किती, सीबी सर्टिफिकेट किती, सासोची मान्यता किती, साबेरची फी किती, त्याची स्वतःची किती. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सीबी रिपोर्टवर उत्पादक म्हणून तुमच्याच कंपनीचं नाव आणि वाळूजचाच पत्ता हवा. साबेरची नोंद व्यापाऱ्याच्या खात्यात राहते, उद्या व्यापारी बदलला तर ती पुन्हा नव्यानं करावी लागेल. सीबी रिपोर्ट मात्र तुमचा असतो आणि पन्नासाहून जास्त देश या योजनेत आहेत. रिपोर्ट करतानाच सौदीचे राष्ट्रीय फरक (त्या देशाच्या वेगळ्या अटी) त्यात घ्यायला सांगा, नाहीतर ६० हर्ट्झसाठी पुन्हा लॅबची पायरी चढावी लागते. लॅब आयईसीईईच्या (सीबी योजना चालवणाऱ्या संस्थेच्या) यादीत आहे का ते त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः बघा, एजंटनं पाठवलेल्या पीडीएफवर जाऊ नका.

आज जेद्दाहच्या व्यापाऱ्याला फक्त दोन गोष्टी विचारा: साबेरवर त्याचं खातं आहे का, आणि तो कोणत्या एचएस कोडखाली (कस्टममध्ये मालाचा प्रकार सांगणारा आकडा) माल नोंदवणार आहे. पंप ८४१३ मध्ये येतात, पुढचे आकडे त्यानं सांगायचे. तोवर एक नग घेऊन चिकलठाण्याला या. आमच्या टेस्ट बेंचला ६० हर्ट्झचा सप्लाय आहे, लावून बघू किती वॅट ओढतोय.