थायरॉइड: तुमचे रिपोर्ट, आमची उत्तरं

थायरॉइड कमी काम करत असल्याबद्दल बरीच पत्रं आली आहेत. बहुतेकांनी रिपोर्टमधले आकडे नीट उतरवून पाठवले, पण गोळी किती वाजता घेता आणि तिच्या आगेमागे पोटात काय जातं, हे थोड्यांनीच लिहिलं. आकडा वाचायला ही माहिती लागतेच.

वय ४३, वजन ६२ किलो. सात वर्षं ७५ मायक्रोग्रॅमची गोळी सुरू आहे. जानेवारीत टीएसएच २.८ होता, एप्रिलमध्ये ८.६ आला, म्हणून डॉक्टरांनी १०० ची गोळी दिली. तीन आठवड्यांनी मीच पुन्हा रक्त तपासलं, तर ५.९. अजून वाढवायची का? सकाळी ६.४० ची लोकल पकडायची असते, त्यामुळे गोळी चहाबरोबरच घेतली जाते. फेब्रुवारीपासून हिमोग्लोबिनसाठी लोहाची गोळीही नाश्त्यावर घेते. — बोरिवली

वाढवू नका. टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, पण ते थायरॉइडमध्ये तयार होत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी सोडते आणि रक्तात थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की वाढवते. गोळीतलं थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचंच संप्रेरक, शरीरातून निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. त्यामुळे डोस बदलल्यावर रक्तातली पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात आणि पिट्युटरी त्याच्या मागून सावरते. तीन आठवड्यांचा ५.९ हा वाटेतला आकडा आहे, त्यावर काहीच ठरवता येत नाही. पुढची तपासणी डोस बदलल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी करा.

आता एप्रिलमध्ये टीएसएच का चढला ते पाहू. लोह आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतं आणि ते रक्तात उतरत नाही. कॅल्शियम आणि अ‍ॅसिडिटीची काही औषधंही हेच करतात. या सगळ्यांत आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. चहा-कॉफीनेही शोषण कमी होतं. म्हणजे बहुधा तुमची ग्रंथी बिघडलेली नाही, गोळीच पुरती पोचत नव्हती.

तुमच्या दिनक्रमात दोन मार्ग बसतात. पहिला: बाटली आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवा. पाचला उठल्या उठल्या अनशापोटी गोळी घ्या, चहा पावणेसहाला. लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर. दुसरा: रात्री आठला जेवण होत असेल तर अकराला झोपताना गोळी, म्हणजे जेवणानंतर पूर्ण तीन तासांनी. तेव्हाही लोह दुपारीच. कुठलाही निवडा, पण रोज तोच पाळा.

इथे एक धोका आहे आणि तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो. सात वर्षं तुम्हाला ७५ पुरत होती. लोह बाजूला गेल्यावर १०० जास्त होऊ शकते. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, विनाकारण जुलाब असं काही झालं तर आठ आठवडे थांबू नका. लोह कधी सुरू केलं ती तारीख डॉक्टरांना आत्ताच सांगा, ते कदाचित ७५ वर परत आणतील. टीएसएच दीर्घकाळ ०.१ च्या खाली राहिला तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडं विरळ होण्याचा धोका वाढतो, पाळी गेल्यानंतर तर जास्तच.

रक्त देण्याच्या दिवशी गोळी रक्त दिल्यावर घ्या. आधी घेतली तर फ्री टी-४ (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) काही तास उगाच वर दिसतो. लॅब आणि वेळ दर वेळी तीच ठेवा. टीएसएच रात्री उशिरा व पहाटे चढलेला असतो आणि दुपारी उतरतो, त्यामुळे सीमारेषेवरचा आकडा सकाळी सातला ‘वाढलेला’ आणि दुपारी चारला ‘नॉर्मल’ येऊ शकतो.

आईचं वय ७४. तक्रार काही नाही. टीएसएच ६.४, फ्री टी-४ १.१. दुसऱ्या लॅबमध्ये तोच टी-४ १४.२ आला, म्हणून घाबरलो आहोत. गोळी सुरू करायची? — लालबाग

दोन्ही टी-४ एकच आहेत. पहिल्या लॅबने नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये दिला आहे, दुसरीने पिकोमोल प्रति लिटरमध्ये. पहिल्याला १२.८७ ने गुणा, दुसरा मिळेल. आकड्याशेजारचं एकक आणि त्याच लॅबची मर्यादा नेहमी पाहा.

वय वाढतं तसा टीएसएच थोडा वर सरकतो. सत्तरीनंतर टी-४ नॉर्मल असताना ६-७ चा टीएसएच बहुतेक वेळा आजार नसतो, रिपोर्टवर तो ठळक छापलेला असला तरी. २०१७ मध्ये युरोपातल्या चार देशांतल्या ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. असाच किंचित वाढलेला टीएसएच असलेल्या या लोकांत गोळी घेणाऱ्यांना आणि न घेणाऱ्यांना वर्षभरानंतर थकव्यात वा इतर लक्षणांत फरक जाणवला नाही. दोन-तीन महिन्यांनी टीएसएच, फ्री टी-४ आणि एकदाच अँटी-टीपीओ (थायरॉइडवर हल्ला करणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी) करा. टीएसएच १० च्या वर टिकून राहिला तर गोळीचा विचार करावा लागेल. तेव्हाही या वयात सुरुवात १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमने, हृदयाकडे लक्ष ठेवून.

वय २६. ५० ची गोळी घेते. या वेळी टीएसएच ०.२ आणि टी-४ जास्त आला, पण अंगात सुस्ती आहे, बद्धकोष्ठ आहे. केस गळतात म्हणून दोन महिने बायोटिन घेते. — अंधेरी

लक्षणं एक सांगतात आणि आकडे उलट, म्हणून आमचा संशय आधी बायोटिनवर, म्हणजे केसांच्या गोळ्यांतल्या ब गटातल्या जीवनसत्त्वावर जातो. केसांच्या गोळ्यांत ते अनेकदा ५ ते १० मिलिग्रॅम असतं, रोजची गरज मायक्रोग्रॅममध्ये असते. काही तपासण्यांच्या रसायनात बायोटिनच वापरलेलं असतं. रक्तातलं जादा बायोटिन त्यात ढवळाढवळ करतं आणि टीएसएच खोटा कमी, टी-४ खोटा जास्त दाखवतो. बायोटिन किमान तीन दिवस थांबवून तपासणी पुन्हा करा आणि लॅबलाही सांगा. तोवर त्या रिपोर्टवरून थायरॉइडची गोळी कमी करू नका.

रोज ७५ ची गोळी सुरू आहे. आजच घरी केलेली गर्भचाचणी पॉझिटिव्ह आली. डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनंतरची आहे. — मुलुंड

तीन आठवडे थांबू नका, आजच फोन करा आणि टीएसएच करून घ्या. बाळाची ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्यापासून काम सुरू करते, तोवर त्याच्या मेंदूच्या वाढीला तुमचंच संप्रेरक लागतं. आधीपासून गोळी घेणाऱ्या बहुतेक स्त्रियांना डोस २५ ते ३० टक्के वाढवावा लागतो. सोपी पद्धत म्हणजे आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, दोन दिवस दुप्पट. हे डॉक्टरांकडून फोनवरच ठरवून घ्या. निम्म्या गर्भारपणापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच, लक्ष्य साधारण २.५ च्या आत. गरोदरपणातल्या लोह-कॅल्शियमला चार तासांचा नियम आहेच. बाळंतपणानंतर डोस सहसा पूर्वीवर येतो, सहा आठवड्यांनी तपासा.

पावसाळ्यात गोळ्या मऊ पडतात. चालतात का? एखादा दिवस चुकला तर? कोबी-फ्लॉवर सोडावा का? — वरळी

मऊ पडलेल्या घेऊ नका, थायरॉक्सिन दमट हवेत आणि उष्णतेत निकामी होतं. बाटली घट्ट बंद करून कोरड्या कपाटात ठेवा, ओट्यावर किंवा न्हाणीघरात नको. चुकलेली गोळी त्याच दिवशी आठवली की रिकाम्या पोटी घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर दोन एकदम बहुतेकांना चालतात, हृदयविकार असलेल्यांनी मात्र आधी विचारावं. शिजवलेला कोबी-फ्लॉवर खुशाल खा.

थायरॉइड जास्त होता म्हणून अडीच महिन्यांपूर्वी किरणोत्सारी आयोडीन घेतलं. आता थंडी वाजते, चेहरा सुजतो. टीएसएच अजून ०.०५ आहे, म्हणजे ‘जास्त’च ना? — परळ

तसं गृहीत धरू नका. दीर्घकाळ दबलेली पिट्युटरी लगेच जागी होत नाही. ग्रंथी थंडावून टी-४ पार उतरला तरी टीएसएच काही आठवडे, कधी काही महिने खालीच राहतो. या काळात फ्री टी-४ आणि टी-३ (थायरॉइडचं दुसरं संप्रेरक) यांवरच निर्णय घ्यायचा असतो. त्या दोन्ही तपासण्या याच आठवड्यात करा. आधीची थायरॉइड दाबणारी गोळी अजून सुरू असेल तर तेही डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा.