ग्लायकोप्रोटीनमधली साखर नक्की काय करते? नुसतं प्रोटीन पुरत नाही का?

नाही पुरत. ग्लायकोप्रोटीन म्हणजे साखरेच्या साखळ्या जोडलेलं प्रोटीन. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की साखर ही प्रोटीनवरची सजावट वाटते. मी पुण्यात एका रक्तपेढीत टेक्निशियन आहे, आणि जवळपास हेच मला एकदा भर रात्री फोनवर ऐकवलं गेलं होतं, म्हणून लिहितेय.

भोरकडची बाळंतीण होती. रक्तस्राव थांबत नव्हता, कार्डावर ओ पॉझिटिव्ह. तिच्या पेशींवर अँटी-ए टाकलं, अँटी-बी टाकलं (ए आणि बी ग्रुपच्या पेशींची गुठळी करणारी द्रव्यं), कशातच गुठळी नाही. म्हणजे ओ. पण क्रॉसमॅचला (पिशवीतल्या पेशी पेशंटच्या सीरममध्ये मिसळून जुळतात का ते पाहणं) ओची प्रत्येक पिशवी फेल! ट्यूब हलवली तरी तळाचा लाल गोळा सुटायला तयार नाही. रिव्हर्स ग्रुपिंगला (तिचं सीरम माहीत असलेल्या ग्रुपच्या पेशींवर लावून पाहणं) ओ सेलही तसेच गोळा झाले. शेवटी तिच्या पेशींवर अँटी-एच लेक्टिन (ओ पेशींवरची एच नावाची साखर ओळखून गुठळी करणारं वनस्पतीतलं प्रोटीन) टाकलं, तर त्या ढिम्म. बॉम्बे ग्रुप. मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये जगासमोर आणला तोच. भारतात साधारण दहा हजारांत एक.

फोनवरचे डॉक्टर म्हणाले, "एका साखरेच्या रेणूसाठी पेशंट अडवून धरताय? ओ निगेटिव्ह पाठवा, ते सगळ्यांना चालतं."

मी पाठवलं नाही. तांबड्या पेशीच्या आवरणात बॅण्ड ३ नावाचं ग्लायकोप्रोटीन असतं, एकेका पेशीवर सुमारे दहा लाख रेणू. त्यावरच्या साखरेच्या फांदीच्या टोकाला गॅलॅक्टोज, त्यावर फ्यूकोज बसलं की एच अँटिजेन (अँटिबॉडी जिला ओळखते ती खूण) तयार. त्यावर एन-अ‍ॅसिटिलगॅलॅक्टोसामाइन चढलं तर ए, आणखी एक गॅलॅक्टोज चढलं तर बी, काहीच नाही चढलं तर ओ. प्रोटीन सगळ्यांचं तेच. बॉम्बे ग्रुपमध्ये फ्यूकोज बसवणारं एन्झाइमच नसतं, त्यामुळे ओ रक्तातलं एचसुद्धा शरीराला परकं. पेशंटच्या रक्तातली अँटी-एच अँटिबॉडी त्या पेशी शिरेतच फोडते, मूत्रपिंडं जातात, जीवही जातो. एका साखरेच्या रेणूसाठीच अडवलं होतं, आणि उद्या परत अडवीन.

नातेवाइकांना सांगितलं, सख्खी भावंडं बोलवा. धाकटा भाऊ पहाटे कात्रजच्या घाटातून बाइकवर आला. त्याच्याही पेशी लेक्टिनला ढिम्म! सगळ्या तपासण्या करून त्याचं रक्त लावलं, क्रॉसमॅच जमलं, बाई वाचली. त्या डॉक्टरांनी नंतर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

रचना पुस्तकात आहेच, ती परत लिहीत बसत नाही. पण "प्रोटीन पुरत नाही का" याला आणखी एक उदाहरण घ्या. डायलिसिसच्या पेशंटला एरिथ्रोपॉयेटिनचं (तांबड्या पेशी वाढवणारं ग्लायकोप्रोटीन) इंजेक्शन देतात. त्याच्या वजनात सुमारे ४० टक्के साखरच असते. साखळीच्या टोकाची सियालिक अ‍ॅसिड नावाची साखर काढून टाकली, तर यकृत काही मिनिटांत ते रक्तातून उचलून घेतं, औषध वाया. म्हणूनच साखर न लागणारं इन्सुलिन जिवाणूंकडून बनवून घेता येतं, पण हे हॅमस्टरच्या पेशींत बनवावं लागतं. जिवाणू तशी साखर चढवत नाहीत.

तेव्हा शिबिरात काचपट्टीवर काढलेल्या ग्रुपच्या कार्डावर विसंबू नका. रिव्हर्स ग्रुपिंग झालंय का, हे तोंडावर विचारा. बॉम्बे निघाला तर सख्ख्या भावंडांचीही तपासणी करा; प्रत्येकाला साधारण चारात एक शक्यता असते.

दोन गोष्टी राहिल्या. एच, ए, बी या साखरा पेशीवर ग्लायकोलिपिडवरही (साखर जोडलेले चरबीचे रेणू) असतात, त्यामुळे सगळं श्रेय ग्लायकोप्रोटीनचं नाही. आणि ग्रुप माहीत नसताना, वेळच नसताना ओ निगेटिव्ह देणं योग्यच आहे. माझं भांडण क्रॉसमॅच डोळ्यांसमोर फेल झालेलं असताना ते मागण्याशी होतं.