गेम घेऊ का? : या वेळी सगळे लपतछपत आलेले प्रश्न

या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त प्रश्न स्टेल्थ गेमचेच, म्हणजे लपूनछपून काम उरकायच्या गेमचेच निघाले, बहुतेक सेल चालू असणार कुठेतरी. त्यामुळे रेसिंगवाले आणि क्रिकेटवाले जरा थांबा, तुमचा नंबर पुढच्या अंकात.

प्रश्न : हिटमॅन वर्ल्ड ऑफ असॅसिनेशन घ्यायचा विचार करतोय. सगळे म्हणतात भारी आहे, पण एक मित्र म्हणाला की स्टोरी दोन-तीन वीकेंडमध्ये संपते आणि नंतर तेच तेच मिशन परत खेळायला लावतात. माझी सवय अशी की गेम एकदा संपला की डिलीट मारून पुढचा. पैसे वसूल होतील का?

सवय बदलणार नसाल तर नाही होणार. तुमचा मित्र खोटं बोलत नाहीये, फक्त तो जे तक्रार म्हणून सांगतोय तोच या गेमचा सगळा जीव आहे.

कसंय, यात वीसेक ठिकाणं आहेत, पॅरिसचा फॅशन शो, इटलीतलं सापिएन्झा नावाचं समुद्रकाठचं गाव, दुबईचा टॉवर, बर्लिनचा नाइटक्लब, अगदी आपली मुंबईसुद्धा आहे (लोकलच्या डब्यांपासून झोपडपट्टीपर्यंत सगळं एकाच मॅपमध्ये कोंबलंय, पण तिथलं टार्गेट, म्हणजे ज्याला मारायचं तो, मस्त आहे, त्या माणसाचा चेहराच कुणाला माहीत नसतो, आधी तो कोण ते शोधायचं आणि मग पुढचं). प्रत्येक ठिकाण म्हणजे एक घड्याळ असतं, शेकडो माणसं आपापल्या वेळेला आपापली कामं करत फिरत असतात, आणि तुम्ही एजंट ४७ नावाचा टकल्या भाडोत्री मारेकरी होऊन त्या घड्याळात कुठे बोट घालायचं ते शोधायचं. पहिल्या वेळी तुम्ही वेटरचे कपडे चढवून, गेम दाखवेल त्या बाणामागून जाऊन काम उरकता आणि वाटतं, बस एवढंच? दुसऱ्या वेळी लक्षात येतं की तो किचनमधला माणूस ठराविक वेळाने बाहेर सिगारेट ओढायला जातो, तिसऱ्या वेळी तुम्ही कपडे न बदलता, कुणाला हात न लावता, फक्त टार्गेटला गाठून निघून जाता. ही जी तिसरी वेळ आहे ना तिचे पैसे आहेत, पहिलीचे नाहीत.

म्हणून माझं सांगणं असं की आधी फुकट स्टार्टर पॅक आहे तो उतरवून घ्या, त्यात ट्रेनिंगची मिशन्स येतात. तिथलं जहाजावरचं मिशन संपल्यावर परत वेगळ्या पद्धतीने करून बघावंसं वाटलं तर डोळे झाकून घ्या. नाही वाटलं तर तुमचा मित्र बरोबर. आणि हो, सेटिंगमध्ये जाऊन ते मिशन स्टोरीचे बाण बंद करून बघा किंवा निदान कमी तरी करा, सगळी मदत चालू ठेवून खेळलात तर तो गेम तुम्हाला बोट धरून फिरवतो आणि मजा निम्मी होते. बर्लिनच्या लेव्हलमध्ये तर बनवणाऱ्यांनी स्वतःच तो हात सोडलाय, तिथे कुणीच काही सांगत नाही, उलट तुमच्या मागावर आलेले एजंट गर्दीत मिसळलेले असतात आणि तेच शोधायचे. मला विचाराल तर अख्ख्या पॅकेजमधली तीच सगळ्यात भारी लेव्हल.

खरेदी करताना दोन गोष्टी बघा. एक म्हणजे हे मुळात तीन गेम होते, २०१६, २०१८ आणि २०२१ चे, ते जानेवारी २०२३ मध्ये एकत्र करून हे नाव दिलं, त्यामुळे स्टोअरवर पार्ट वन, डिलक्स असली बरीच नावं दिसतात आणि माणूस गोंधळतो. तुम्हाला हवाय तो ज्यात तिन्ही गेमची मुख्य मिशन्स आहेत तो, डिलक्सचे जादा कपडे आणि हत्यारं नसली तरी काही अडत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, इंटरनेट. एकटा खेळायचा गेम असूनही सर्व्हरला जोडलेला नसेल तर स्कोअर नाही, चॅलेंज नाही, नवीन साहित्य अनलॉक होत नाही, आणि फ्रीलान्सर नावाचा जो सगळ्यात लांब चालणारा मोड आहे तो तर उघडतच नाही. यावरून लोक एवढे चिडले होते की २०२१ मध्ये जीओजी या कॉपी-लॉक नसलेले गेम विकणाऱ्या स्टोअरने पहिला हिटमॅन विकायला ठेवला आणि थोड्याच दिवसांत काढूनही टाकला. नेट सारखं तुटत असेल तर हा गेम त्रास देणार, हे धरूनच चाला.

प्रश्न : मला स्टेल्थ आवडतं पण गार्डने बघितलं की मी लगेच जुना सेव्ह रिलोड करतो, त्यामुळे एक मिशन अख्खी संध्याकाळ खातं. मी चुकीचा खेळतोय की असे गेम माझ्यासाठी नाहीतच?

चुकीचं बिकीचं काही नाही, पैसे तुमचे संध्याकाळ तुमची. पण रिलोड का करावंसं वाटतं ते बघा. बऱ्याच वेळा दोष गेमचा असतो. जुन्या गेममध्ये काय व्हायचं, दिसलात की मिशन फेल, किंवा अलार्म वाजून पंचवीस जण धावत यायचे आणि तुमच्याकडे एक फुसकी बंदूक, मग रिलोड नाही तर काय करणार.

मी तर कुठलाही स्टेल्थ गेम घेण्याआधी हेच एक बघतो की पकडलं गेल्यावर गेम काय करतो. ग्राफिक, स्टोरी, किती तासांचा वगैरे सगळं नंतर. चांगल्या गेममध्ये दिसल्यावर खरी मजा सुरू होते, पळा, कोपऱ्यावर वळा, कपडे बदला, दिवा विझवा, खिडकीतून उडी टाका, आणि पाच मिनिटांनी गार्ड आपापसात बडबडत परत जातात आणि तुम्ही कपाटात बसून हसताय. व्हिडिओ बघून गेम घेत असाल तर सगळं परफेक्ट करणाऱ्या खेळाडूचा व्हिडिओ बघू नका, पहिल्यांदा खेळणाऱ्या, सारख्या चुका करणाऱ्या माणसाचा बघा, त्यात कळतं गेम कसला आहे ते.

तुमच्यासाठी एक उपाय, मार्क ऑफ द निंजा खेळा. २०१२ चा टूडी गेम आहे, २०१८ मध्ये रीमास्टर आला. यात तुमच्या पावलांचा आवाज गोल रिंगण होऊन दिसतो, गार्डची नजर कुठवर पोचते तेही दिसतं, म्हणजे पकडले गेलात तर का पकडले गेलात ते डोळ्यासमोर असतं, नशीब फुटलं असं वाटत नाही. तरी रिलोडच करावंसं वाटलं तर करा बापडे.

प्रश्न : मेटल गियर सॉलिड ५ आता घेण्यात अर्थ आहे का? दहा वर्षं जुना झाला. आधीचे भाग खेळलेलो नाही. स्टोरी अर्धवट आहे असंही ऐकलंय.

घ्या. एवढं सरळ उत्तर मी या पानावर क्वचित देतो.

फँटम पेन (हे या पाचव्या भागाचंच नाव) १ सप्टेंबर २०१५ ला आला आणि चोरपावलांनी चालणे, सरपटणे, लोळणे, घोड्याच्या एका अंगाला लटकून चौकीसमोरून जाणे, या सगळ्या हालचाली इतक्या गुळगुळीत आहेत की नंतरचे कित्येक मोठे गेम हातात घेतले की जडच वाटतात. १९८४ चं अफगाणिस्तान, सोव्हिएत फौजा बसलेल्या, नंतर आफ्रिकेत अंगोला-झैरेच्या सीमेवर, मोकळा मॅप आणि त्यात चौक्या, तुम्ही कुठूनही घुसा. आणि वरच्या प्रश्नात म्हटलं तेच इथे बघा, गार्डने पाहिलं की क्षणभर वेळ मंदावते आणि तेवढ्यात त्याला गप्प करता आलं तर वाचलात, नाही आलं तरी गेम संपत नाही, पळता येतं, लपता येतं, हेलिकॉप्टर बोलावता येतं, धुळीचं वादळ आलं तर त्यात बिनधास्त चालत जाता येतं.

पण मला सगळ्यात आवडते ती शत्रूची हुशारी. तुम्ही सारखे डोक्यात गोळ्या मारत असाल तर हळूहळू सगळे सैनिक हेल्मेट घालायला लागतात, रात्रीच जात असाल तर नाइट व्हिजन येतात, झोपेचा गॅस वापरला तर गॅस मास्क. म्हणजे एकच युक्ती घेऊन अख्खा गेम काढायचा म्हटलं तर गेम काढू देत नाही. मग तुम्ही तुमची माणसं पाठवून त्यांचा हेल्मेटचा साठाच उडवता. ही माणसं कुठून आली, तर फुग्याला बांधून आकाशात उडवून पळवलेले शत्रूचेच सैनिक ते, समुद्रातल्या तुमच्या तळावर आणून त्यांनाच कामाला लावायचं. सांगताना येडपटपणा वाटतो, खेळताना व्यसन लागतं. नंतर नंतर तर मी एखाद्या सैनिकाला मारायच्या आधी दुर्बिणीतून बघतो की हा संशोधन विभागाला उपयोगी आहे का, मग त्याला झोपवून फुगाच लावतो.

आता वाईट बाजू. स्टोरी अर्धवट आहे हे खरंय. पहिला भाग ३१ व्या मिशनला चांगला दणक्यात संपतो, दुसऱ्या भागात मात्र बरीचशी मिशन्स आधीचीच, फक्त अवघड करून परत दिलेली, आणि शेवटाकडचं एक मिशन तर पूर्णच झालं नाही, स्पेशल एडिशनच्या डिस्कवर त्याचे अर्धेमुर्धे सीन दिले होते. दिग्दर्शक हिदेओ कोजिमा आणि कोनामी कंपनी यांचं त्याच वर्षी फाटलं आणि वर्षाअखेरीस तो बाहेर पडला, ते सगळं गेमवर दिसतं. क्वाएट नावाच्या स्नायपर बाईचे कपडे, म्हणजे कपडे नसणंच, आणि त्याला दिलेलं कारण हे मला आजही पटत नाही. बेसवर ऑनलाइन हल्ले आणि त्यासाठी खऱ्या पैशांचा विमा असलाही प्रकार आहे, तिकडे बघूच नका, नेट बंद करून खेळा.

आधीचे भाग खेळले नसतील तर काही ठिकाणी हा कोण तो कोण असं होईल, गेममधल्या कॅसेट ऐकून थोडं कळतं, थोडं नाही कळत, चालतं. डेफिनिटिव्ह एक्सपिरियन्स नावाची एडिशन घ्या म्हणजे ग्राउंड झीरोज हा छोटा आधीचा भागही त्यातच मिळतो आणि आधी तोच खेळा, एकच तळ, एकच पावसाळी रात्र, तेवढ्यात तुम्हाला कळेल आवडतंय का. स्टोरीच पाहिजे असेल तर मात्र २०२५ चा मेटल गियर सॉलिड डेल्टा बघा, तो २००४ च्या स्नेक ईटरचा रीमेक आहे, १९६४ ची गोष्ट, सुरुवात मध्य शेवट सगळं जागेवर, पण मॅप लहान लहान तुकड्यांचे आणि फँटम पेनएवढी मोकळीक नाही.

प्रश्न : असॅसिन्स क्रीडमध्ये हल्ली स्टेल्थ उरलंय का? शॅडोज घेऊ की मिराज?

मधल्या काळात खरंच उरलं नव्हतं. त्या काळातल्या गेममध्ये तुम्ही मागून जाऊन मानेत पातं खुपसायचं आणि गार्डची लेव्हल जास्त म्हणून तो मरायचाच नाही, यासारखा संताप नाही.

शॅडोज (मार्च २०२५) मध्ये परिस्थिती सुधारलीये. सोळाव्या शतकातलं जपान, दोन हिरो, त्यातली नाओए ही शिनोबी, म्हणजे निंजा, ती तुमची. ती जमिनीवर आडवी सरपटते, दिवे विझवते, अंधारात असली की खरंच दिसत नाही, उजेड-अंधाराला या सीरिजमध्ये पहिल्यांदाच एवढं वजन आलंय. यासुके हा सामुराई दार तोडून आत जाणारा, स्टेल्थ पाहिजे असेल तर गेम सक्ती करत नाही तिथे त्याला घरी बसवा. सेटिंगमध्ये खात्रीशीर असॅसिनेशनचा पर्याय आहे, तो पहिल्याच दिवशी चालू करा, वरचा संताप वाचेल. अडचण एकच, गेम अवाढव्य आहे, वीस किल्ले झाल्यावर एकविसाव्याला हात जोडावेसे वाटतात.

मिराज (२०२३) नवव्या शतकातल्या बगदादचा, लहान, स्वस्तही मिळतो, जुन्या भागांसारखा छपरांवरून पळायचा. गार्ड मात्र अगदीच भोळे. ऑफिस करून उरलेल्या वेळात खेळणार असाल तर मिराज, मोठी सुट्टी असेल तर शॅडोज.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा आहे, हिटमॅन मागतोय. घेऊन द्यावा का?

नको. १८ वर्षांवरच्यांसाठीचं रेटिंग आहे आणि ते उगाच दिलेलं नाही. त्याला अनटायटल्ड गूज गेम घेऊन द्या. यात तुम्ही एक हंस असता, गावात गुपचूप शिरायचं, माळ्याच्या किल्ल्या पळवायच्या, कुणी बघितलं की पाण्यात पळायचं, आणि हॉर्न वाजवल्यासारखं ओरडायला वेगळं बटण आहे. हसू नका, पूर्ण स्टेल्थ गेम आहे तो, माणसांची रोजची कामं बघून त्यात घुसायचं हे हिटमॅनचंच डोकं, फक्त कुणी मरत नाही. दोघांना मिळूनही खेळता येतो, त्यामुळे तुम्हीही बसा शेजारी.

प्रश्न : स्टेल्थ गेम कंट्रोलरवर खेळावा की कीबोर्डवर?

कंट्रोलरवर. काडी थोडीच ढकलली की माणूस हळू चालतो, कीबोर्डवर एकतर चालतोय नाहीतर उभा आहे. पहिल्या स्प्लिंटर सेल गेमने माउसच्या चाकावर चालण्याचा वेग ठेवला होता, ती आयडिया नंतर फारशी कुणी का उचलून धरली नाही देव जाणे. नेम धरून गोळी मारायची असेल तिथे माउसच बरा, पण गोळी मारायची वेळ आली म्हणजे आधीच काहीतरी बिनसलेलं असतं.