होमवर्कला ९४, परीक्षेत ५४

वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतल्या कॉलेजचा प्रीकॅल्क्युलस

तिकडच्या कॉलेजांत कॅल्क्युलसच्या आधी प्रीकॅल्क्युलस नावाचा कोर्स असतो. फलनं आणि त्यांचे आलेख, बहुपदी, घातांकी आणि लॉगची फलनं, त्रिकोणमिती हा त्याचा गाभा. कॉलेजप्रमाणे सदिश, शांकव किंवा श्रेढीही असतात. या अंकात त्याबद्दलची पाच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : मी नाशिकला बारावी कॉमर्स केलं, गणित विषय होता. ऑगस्टमध्ये अमेरिकेला बीएससाठी जातोय. प्लेसमेंट टेस्टनंतर (कुठल्या पातळीपासून सुरू करायचं ते ठरवणारी परीक्षा) मला प्रीकॅल्क्युलस दिलंय. मी डेरिव्हेटिव्हसुद्धा शिकलोय, मग हे मागे जाणं नाही का? किती वेळ द्यावा लागेल?

मागे जाणं नाही. कॉमर्सच्या गणितात विकलन आहे, पण त्रिकोणमितीचा स्वतंत्र धडा नाही. तुमची त्रिकोणमिती दहावीतल्या काटकोन त्रिकोणापाशी थांबली आहे. रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक), एकक वर्तुळ (त्रिज्या १ असलेलं), साइन-कॉसचे आलेख, नित्यसमानता हे सगळं तुम्हाला नवं असेल आणि साधारण अर्धा कोर्स त्यावरच जातो. सुरुवातीचे चार आठवडे ओळखीचे वाटतील. नेमकं तिथेच मुलं ढिली पडतात आणि सहाव्या आठवड्यात त्रिकोणमिती सुरू झाली की धावपळ होते.

वेळेचा हिशेब क्रेडिटवरून करा. एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्ग आणि वर्गाबाहेर किमान दोन तास काम, असं तिकडे धरलेलं असतं. कोर्स चार क्रेडिटचा असेल तर चार तास वर्ग आणि आठ तास तुमचे. हे आठ तास रविवारी एकदम बसून भरून निघत नाहीत. वर्ग झाला त्याच दिवशी दीड-पावणेदोन तास, असं पाच दिवसांत वाटा. दुसऱ्या दिवसावर ढकललं की वहीतल्या निम्म्या पायऱ्या परक्या वाटू लागतात.

जाण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा. अवयव पाडणं, क्ष असलेल्या अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी, घातांकांचे नियम. त्यानंतर एकक वर्तुळ : ०, ३०, ४५, ६०, ९० अंश आणि त्यांचे चारही चरणांतले जोडीदार मिळून १६ बिंदू. कोऱ्या कागदावर अंश, रेडियन आणि सहनिर्देशकांसह पाच मिनिटांत काढता आले पाहिजेत. पहिल्या चरणातले पाच बिंदू येत असतील तर बाकीचे फक्त चिन्ह बदलून मिळतात, त्यामुळे सोळाच्या सोळा घोकू नका.

खुणांचा फरकही आत्ताच लक्षात ठेवा. आपल्या पुस्तकांत विकलनाच्या धड्यात नुसतं लॉग लिहिलं की पाया ई समजायचा. तिकडे या कोर्समध्ये नुसत्या लॉगचा पाया १० असतो, आणि ई पायासाठी एलएन (ln) ही वेगळी खूण असते. हा फरक सुटला तर पद्धत बरोबर असूनही उत्तर चुकतं.

प्रश्न : मी टेक्सासमध्ये पहिल्या वर्षाला आहे. ऑनलाइन होमवर्कला माझे सरासरी ९४ टक्के आहेत, पहिल्या मिडटर्मला ५४ मिळाले. परीक्षेत सगळं ओळखीचं वाटत होतं. मग चुकतंय कुठे?

‘ओळखीचं वाटत होतं’ हे वाक्य तुम्ही स्वतःच लिहिलंय आणि दुखणं तिथेच आहे. ओळखणं वेगळं आणि हाताने करता येणं वेगळं.

मायलॅब, वेबअसाइनसारख्या होमवर्कच्या प्रणालींत सहसा ‘असंच एक उदाहरण दाखवा’ किंवा ‘सोडवायला मदत करा’ अशी बटणं असतात, आणि एकाच प्रश्नाला अनेक संधी मिळतात. नमुना समोर ठेवून आकडे बदलले की हिरवी खूण येते. शिवाय होमवर्क धड्याप्रमाणे असतं. ‘४.३’ उघडलंत म्हणजे लॉगची समीकरणं सोडवायची आहेत, हे शीर्षकानेच सांगितलेलं असतं. परीक्षेत कुठली पद्धत लावायची हे तुम्हालाच ठरवायचं असतं, आणि त्याचा सराव तुमचा एकदाही झालेला नाही. म्हणून होमवर्कचा आकडा तयारीचं माप म्हणून धरू नका.

आता असं करा. प्रश्न पडद्यावर वाचा, वहीत उतरवा आणि दहा मिनिटं मदतीच्या बटणाला हात लावू नका. अडलात तर मदत घ्या, पण त्या प्रश्नासमोर लाल ठिपका द्या. दोन दिवसांनी लाल ठिपक्यांचे प्रश्न कोऱ्या कागदावर, नमुना न बघता सोडवा. जमला तर ठिपका खोडा. तुमची खरी तयारी त्या खोडलेल्या ठिपक्यांत दिसेल. परीक्षेच्या पाच-सहा दिवस आधी धड्यांच्या शेवटच्या उजळणीतून १०-१२ प्रश्न क्रम मोडून निवडा आणि परीक्षेइतकीच वेळ लावून सोडवा. ही चाचणी आदल्या रात्री घेतलीत तर चूक कळेल, पण दुरुस्त करायला दिवस उरणार नाही.

त्याआधी मिडटर्मचा पेपर परत काढा आणि गेलेला प्रत्येक गुण तीन ढिगांत टाका : बीजगणितात घसरलो, पद्धत आठवली नाही, वेळ संपला. बहुतेकांचा पहिला ढीग सर्वांत मोठा निघतो. या ठरलेल्या जागा :

(क्ष + ३)² चं क्ष² + ९ होतं, मधलं ६क्ष गळतं. √(क्ष² + ९) चं क्ष + ३ केलं जातं; क्ष = ४ घाला, एकीकडे ५ आणि दुसरीकडे ७ येतात, झालं निदान. अपूर्णांकात बेरजेतलं पद वर-खाली खोडलं जातं, खरं तर खोडता येतो तो फक्त गुणाकारातला अवयव.

लॉगच्या समीकरणात शेवटची तपासणी राहते. लॉग क्ष + लॉग (क्ष − ३) = १ यातून क्ष² − ३क्ष − १० = ० मिळतं, म्हणजे ५ आणि −२. पण ऋण संख्येचा लॉग इथे घेता येत नाही, म्हणून −२ बाद. दोन्ही उत्तरं लिहिली तर गुण कापले जातात.

त्रिकोणमितीत उलटी चूक होते, तिथे उत्तरं हरवतात. ० ते २पाय (२π) या पल्ल्यात साइन २क्ष = कॉस क्ष सोडवा. डावीकडे २ साइन क्ष कॉस क्ष लिहिल्यावर दोन्ही बाजूंना कॉस क्षने भागायचा मोह होतो. भागलंत तर पाय/६ आणि ५पाय/६ एवढीच उत्तरं उरतात. पाय/२ आणि ३पाय/२ गेली, कारण तिथे कॉस क्ष शून्य आहे आणि तुम्ही शून्याने भागलंत. भागू नका. सगळं एका बाजूला आणून कॉस क्ष सामाईक काढा.

परिमेय फलनाच्या आलेखातही असंच. (क्ष² − ४) भागिले (क्ष² − ५क्ष + ६) दिलं की छेद शून्य करणाऱ्या २ आणि ३ या दोन्ही ठिकाणी उभ्या अनंतस्पर्शी रेषा (आलेख ज्यांच्या जवळ जात राहतो पण टेकत नाही) काढल्या जातात. आधी अवयव पाडा. (क्ष − २) वर-खाली सामाईक आहे, म्हणून क्ष = २ ला रेषा नाही, आलेखात फक्त एक छिद्र आहे, (२, −४) या बिंदूवर. अनंतस्पर्शी रेषा क्ष = ३ एवढीच. ही छिद्रं नीट समजून घ्या. पुढे कॅल्क्युलसचा पहिला धडा, सीमा, इथूनच सुरू होतो.

प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सला जा. ती वेळ तुमच्यासाठीच राखलेली असते आणि तिथे जाणं म्हणजे कमीपणा नाही. पण ‘मला धडा पाच समजला नाही’ असं म्हणून गेलात तर धडा पुन्हा ऐकून परत याल. सोडवलेला कागद न्या, जिथे अडलात त्या ओळीखाली रेघ मारा आणि ‘इथून पुढे असं का?’ एवढंच विचारा.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत आमच्याजवळच राहते, कॉलेजला जाते. प्रीकॅल्क्युलसचे मार्क विचारायला मी कॉलेजला फोन केला, तर सांगता येणार नाही म्हणाले. फी आम्हीच भरतो. आम्ही काय करायचं?

कॉलेजने नियम पाळला. १९७४ च्या फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्यानुसार मूल अठरा वर्षांचं झालं किंवा कॉलेजात गेलं की शैक्षणिक नोंदींवरचा हक्क पालकांकडून मुलाकडे जातो. ते मूल करासाठी तुमच्यावर अवलंबून दाखवलेलं असेल तर कॉलेज माहिती देऊ शकतं, पण द्यायलाच हवी असं नाही. मुलीने लेखी संमती दिली की प्रश्न मिटतो, पण ती तिने मनाने द्यावी.

तुमच्या हातात दुसरं बरंच आहे, ताई. पहिल्या आठवड्यात मिळालेला सिलॅबस तिच्याबरोबर बसून वाचा : परीक्षांच्या तारखा, कशाला किती टक्के, कोर्स सोडायची शेवटची तारीख. त्या तारखा घरच्या कॅलेंडरवर लिहा आणि परीक्षेच्या आठवड्यात पाहुणे, कार्यक्रम, लांबचे प्रवास ठेवू नका. ‘किती मिळाले?’ ऐवजी ‘आज कुठलं अडलं होतं, मला समजावून सांग’ म्हणा. तुम्हाला गणित आलं नाही तरी चालेल. समजावताना तिची वाणी जिथे अडखळेल, ती जागा तिलाच सापडेल.

प्रश्न : दोन मिडटर्मची सरासरी ५२ आहे. होमवर्क ९६, क्विझ ७०. होमवर्क व क्विझला १५-१५ टक्के, तीन मिडटर्मना ४५, फायनलला २५. कोर्स सोडू का? एफ-१ (विद्यार्थी) व्हिसा आहे, एकूण १३ क्रेडिट घेतलेत.

आधी आकडेमोड. होमवर्कचे १४.४, क्विझचे १०.५, दोन मिडटर्मचे १५.६, एकूण ४०.५. पुढच्या कॅल्क्युलससाठी सहसा किमान सी ग्रेड लागतो, तो ७० ला धरू. म्हणजे उरलेल्या ४० पैकी २९.५ हवेत, जवळपास ७४ टक्के. ५२ वरून ७४ वर उडी आहे. वर सांगितलेले तीन ढीग करा. पहिला ढीग मोठा असेल तर महिन्याभराच्या सरावाने हे जमू शकतं. ‘पद्धतच आठवली नाही’ हा ढीग मोठा असेल तर कोर्स पुन्हा करणं शहाणपणाचं. गुणपत्रिकेवरचा डब्ल्यू, म्हणजे कोर्स सोडल्याची नोंद, सरासरीत धरला जात नाही. डी ग्रेड मात्र सरासरी खाली ओढतो आणि सहसा पुढे जाऊही देत नाही.

पण कोर्स सोडायचं बटण दाबण्याआधी थांबा. एफ-१ वर पदवीच्या विद्यार्थ्याला टर्मला किमान १२ क्रेडिट लागतात. तुमचा हा कोर्स चार क्रेडिटचा असेल तर सोडल्यावर ९ उरतील. कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या डीएसओची (व्हिसाच्या नोंदी सांभाळणारा अधिकारी) परवानगी कोर्स सोडण्याच्या आधी घ्यावी लागते, नंतर घेऊन भागत नाही. चुकीच्या पातळीच्या कोर्समध्ये बसवलं गेलं किंवा तिकडची शिकवण्याची पद्धत अनोळखी होती, ही कारणं नियमांतच दिलेली आहेत. परवानगी मिळाली तरी निम्मा भार ठेवावा लागतो आणि पुढच्या टर्मला पूर्ण भार परत घ्यावा लागतो. आजच भेटीची वेळ घ्या.

प्रश्न : कॅल्क्युलेटर कुठला घेऊ?

सिलॅबस हातात येईपर्यंत कुठलाच नाही. काही प्राध्यापक टीआय-८४ सारखा आलेख काढणारा मागतात, काही परीक्षेत साधासुद्धा चालू देत नाहीत. टीआय-८९ सारखे बीजगणित स्वतःच करून देणारे बऱ्याच ठिकाणी बंद असतात. जो घ्याल त्यावर −३² करून पाहा. आलेख काढणाऱ्यांवर उत्तर −९ येतं, कारण वर्ग आधी होतो. ९ हवे असतील तर कंस घालावा लागतो. आणि परीक्षेला बसताच साइन ३० दाबा. ०.५ आलं तर यंत्र अंशांत आहे, −०.९८८ आलं तर रेडियनमध्ये.