घरासाठी पर्शियन पद्धतीचा गालिचा घ्यायचाय. एका इंचात किती गाठी असाव्यात?

तुम्ही लिहिलंय की जिथे जाल तिथे दुकानदार 'एका चौरस इंचात इतक्या गाठी' एवढंच ऐकवतो आणि त्या आकड्यावरून काय ठरवायचं ते कळत नाही. गाठी नंतर मोजा हो, आधी गालिचा उलटा करा.

हे शहाणपण मला ठेच लागून आलंय. माझा पहिला गालिचा मी नुसता वरून बघून घेतला. जाड, मऊ, रंग झकास. विकणारा म्हणाला 'हॅंडमेड', आणि तसं ते खोटंही नव्हतं. तीनेक वर्षांनी झाडायला म्हणून उचलला तर फरशीवर पिवळट भुकटीचा थर आणि जुन्या रबराचा वास. तो टफ्टेड निघाला. त्यात कापडावर हातातल्या यंत्राने लोकर टोचतात, मागून लॅटेक्स फासतात आणि ते झाकायला आणखी एक कापड चिकटवतात. लॅटेक्स वाळलं की भुकटी पडते, लोकरीचे झुबके सुटायला लागतात. माणसाचा हात लागलेला असतो, पण गाठ एकही नसते. तेव्हा बिलावर 'हाताने गाठी मारून विणलेला' असं स्पष्ट लिहून घ्या.

पाठ बघणं सोपं आहे. गाठींच्या गालिच्याची नक्षी मागेही जवळजवळ तितकीच स्वच्छ दिसते, आणि नीट पाहिलं तर एकेक गाठ मण्यासारखी वेगळी कळते. ओळी जराशा वाकड्यातिकड्या असतात. अगदी फूटपट्टीने आखल्यासारखी पाठ असेल तर काम यंत्राचं. मागे कापडच लावलेलं असेल तर विषय संपला. टोकाची झालरही बघा: ती ताण्याच्याच उभ्या धाग्यांची शेपटं असते. वेगळी शिवलेली दिसली तर का शिवली ते विचारा. जुन्या गालिच्याला दुरुस्तीत नवी झालर लावतात, नव्याला लावायचं कारण नाही.

आता गाठींचं. दाट गाठी लागतात त्या बारीक, वळणदार वेलबुट्टीसाठी. भौमितिक नक्षीला त्यांची गरजच नसते. वायव्य इराणमधले हेरिझचे गालिचे त्या मानाने विरळ गाठींचे, पण चिवटपणात भल्याभल्यांना मागे टाकतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयातला इराणमधल्या अर्दबिलचा प्रसिद्ध गालिचा 1539-40 मधला. त्यात चौरस इंचाला साधारण 340 गाठी आहेत. दुकानात कुणी त्याच्या दुप्पट आकडा फेकला तर दबून जाऊ नका, त्याच्यासमोर पट्टी ठेवून मोजा. आणखी एक, तब्रीझ या इराणी शहरातल्या मालाला 'इतके रज' असं सांगतात. रज म्हणजे सुमारे 7 सेंटीमीटर रुंदीतल्या गाठी, चौरस इंचातल्या नव्हे.

मोजताना एक लबाडी पकडता येते. एक गाठ ताण्याच्या दोन धाग्यांवर बसायला हवी. काही जण ती चारांवर मारतात, तिला जुफ्ती म्हणतात. वेळ वाचतो, पण लव, म्हणजे वरचे उभे मऊ तंतू, विरळ होते आणि गालिचा लवकर झिजतो. मागून अशा गाठी आडव्या पसरट दिसतात.

नावांचा फार बाऊ करू नका. 'बुखारा' म्हणून विकतात ती नक्षी मध्य आशियातल्या तुर्कमेन जमातींची; बुखारा हे शहर त्यांची बाजारपेठ होती.

माझ्या मते खरा पैसा लोकरीत आहे. लवेवर नखांनी जरा खरवडा. चांगल्या लोकरीला अंगचा स्निग्धपणा असतो, हाताला जिवंत लागते. मेलेल्या जनावराच्या कातड्यावरून रसायनाने काढलेली लोकर कोरडी, ठिसूळ असते. बोटांना तंतू लागून येतात. 'आर्ट सिल्क' किंवा 'बांबू सिल्क' म्हणजे बहुतेक वेळा व्हिस्कोस, वनस्पतींच्या लगद्यापासून केलेला धागा. चमक रेशमाची, पण ओला झाला की कमजोर, आणि नुसतं पाणी सांडलं तरी डाग राहतो. शंका असेल तर दुकानदाराकडे लवेतला एक धागा मागा आणि तो जाळून बघा. रेशीम आणि लोकर जळक्या केसांसारखी वास मारतात, व्हिस्कोस कागदासारखं जळतं.

रंगासाठी पांढरा रुमाल ओला करून लाल आणि गडद निळ्या भागावर जोरात घासा. रुमाल रंगला तर उठा. लव दोन बोटांनी फाकवून मुळाशीही बघा: टोक फिकट आणि मूळ भडक असेल तर रसायनाने धुऊन त्याला 'जुना' केलेला असू शकतो, नाहीतर तो उन्हाने विटलेला असतो. मात्र एकाच निळ्यात आडवे फिके-गडद पट्टे आले असतील तर तो दोष समजू नका. एका वेळी रंगवलेलं सूत संपून दुसऱ्या घाण्याचं घेतलं की असं होतं, याला अब्राश म्हणतात. मला तर त्याशिवाय गालिचा मुका वाटतो.

जुना घेत असाल तर कोपरा हलकेच दुमडून कान द्या. कडकड आवाज आला तर ताणा कुजलाय.

मापासाठी जमिनीवर जुनी चादर अंथरून दोन दिवस वावरा. जेवणाच्या टेबलाखाली घालायचा असेल तर चारी बाजूंनी निदान 60 सेंटीमीटर बाहेर यायला हवा, नाहीतर मागे सरकवलेल्या खुर्चीचे पाय काठावर अडकतात.

आणि शक्य असेल तर ठरवण्याआधी दोन दिवस घरी नेऊन अंथरा. लव एका दिशेला झुकलेली असते, त्यामुळे एका टोकाकडून तोच गालिचा उजळ दिसतो, दुसऱ्याकडून काळपट. दाराकडे कुठलं टोक ठेवायचं ते तुमच्या खोलीच्या उजेडातच कळतं. घेतल्यावर सहा महिन्यांनी टोकं फिरवा आणि सोफ्याखालचा भाग उचलून बघत जा. कसर तिथेच लागते.