बुरशीचा संसार अर्ध्या संचावर

पावसाळा आला की या सदराकडे बुरशीचे प्रश्न येणारच, यंदा अकरावी-बारावीवाल्यांनी त्यात मायोसिस, म्हणजे गुणसूत्रांचे संच अर्धे करणारं पेशीविभाजन, पण घातलंय, म्हणून सगळे एकत्रच घेतलेत.

प्रश्न : मॅडम, ब्रेडचं पाकीट नीट बंद होतं तरी आतून हिरवी बुरशी आली. बंद पाकिटात बी गेलं कुठून? आणि तेवढा भाग कापून बाकीचा खाल्ला तर चालतो का? – एक वाचक, डोंबिवली

आधी दुसऱ्याचं उत्तर. नाही चालत, टाकून द्या. वर जी हिरवी पावडर दिसते ते नुसते बीजाणू, म्हणजे स्पोअर्स. बुरशीचं खरं अंग म्हणजे बारीक पांढरे धागे, आणि ते ब्रेडच्या आत तुम्हाला दिसतं त्याच्या बरंच पुढे गेलेले असतात.

आता बी कुठून आलं. भट्टीतून निघालेला पाव तसा स्वच्छच असतो, पण तो गार होताना, कापताना, पॅक करताना हवेतले स्पोअर्स त्यावर बसतात, मग पाकिटात ओल असतेच, अजून काय पाहिजे. हिरवट-निळी असेल तर बहुतेक पेनिसिलियम किंवा अॅस्परजिलस, धाग्याच्या टोकाला स्पोअर्सच्या माळा लागलेल्या असतात. पांढऱ्या जाळ्यावर काळे ठिपके दिसले तर ती रायझोपस, तो एकेक ठिपका म्हणजे स्पोअर्सची भरलेली पिशवी. या सगळ्यात जोडीदार वगैरे काही लागत नाही, सरळ कॉप्या निघतात. बेकरीतलं यीस्ट तर धागेपण करत नाही, पेशीला बाजूने कोंब फुटतो आणि तो मोठा होऊन सुटतो, झालं.

प्रश्न : प्राण्यांच्या धड्यात लिहिलंय मायोसिसने गॅमेट्स (अंडपेशी, शुक्राणू) बनतात, आणि बुरशीच्या धड्यात लिहिलंय मायोसिसने स्पोअर्स बनतात. परीक्षेत काय लिहू? आणि अर्धंच करायचंय तर एकदम एकाच विभाजनात का नाही करत? – अकरावी सायन्स, सांगली

दोन्ही बरोबर आहे, आणि प्रश्न एकदम झकास आहे, कारण हे पाठ करणारे बरेच जण इथेच अडकतात. मायोसिसचं काम एवढंच की गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या पेशीपासून एकच संच असलेल्या पेशी बनवायच्या. त्या अर्ध्या संचाच्या पेशीने पुढे काय करायचं हे त्या त्या जिवावर आहे.

पत्त्यांचे दोन कॅट घे, एक निळ्या पाठीचा आईकडचा, एक लाल पाठीचा वडिलांकडचा. मायोसिसला प्रत्येक पत्ता एकदाच असलेला एक पूर्ण कॅट पाहिजे, पण इस्पिकचा राजा निळा आला की लाल आला याला नियम नाही, बदाम सत्तीचं पण तसंच. पत्ता म्हणजे गुणसूत्र, माणसात त्यांच्या 23 जोड्या, म्हणजे नुसत्या या निवडीतूनच 2 चा 23 वा घात, 83,88,608 प्रकार होतात. (हो, चौऱ्याऐंशी लाखाच्या अगदी जवळ, योगायोग आहे, त्यावर लगेच व्हॉट्सअॅप फॉरवर्ड बनवू नका.) वर क्रॉसिंग ओव्हर आहेच, म्हणजे वाटणीच्या आधी निळा राजा आणि लाल राजा एकमेकांना चिकटून आपले तुकडे बदलतात, त्यामुळे पत्ता पण धड निळा राहत नाही.

दोन विभाजनं का, तर सुरुवातीलाच डीएनएची कॉपी होते म्हणून. 46 गुणसूत्रं, प्रत्येकाची कॉपी त्यालाच चिकटलेली. पहिल्या विभाजनात जोड्या फुटतात, 23 इकडे 23 तिकडे, कॉप्या अजून चिकटलेल्याच. दुसऱ्यात त्या सुटतात. एका पेशीच्या चार. दुसरं विभाजन दिसायला मायटोसिससारखंच, म्हणजे पेशीच्या रोजच्या साध्या विभाजनासारखंच असतं, खरी गंमत सगळी पहिल्यात आहे.

आता बुरशी. आपण आख्खं आयुष्य दोन संचांवर काढतो, अर्धा संच फक्त अंडपेशीत नाहीतर शुक्राणूत, आणि त्या बिचाऱ्यांना जोडीदार मिळाला नाही तर पुढे काहीच होत नाही. बहुतेक बुरशींचं उलटं आहे, त्यांचा रोजचा संसार अर्ध्या संचावरच चालतो. दोघी भेटल्या, केंद्रकं एक झाली, की तो दुप्पट संच काही फार टिकत नाही, मायोसिस होतं आणि स्पोअर्स बाहेर. तो स्पोअर कोणाची वाट बघत नाही, ओल मिळाली की रुजतो आणि स्वतःच धागे काढतो. म्हणून तो गॅमेट नाही. परीक्षेत हे एवढं लिहिलंस तरी पुरे. यीस्ट जरा वेगळं, 16 गुणसूत्रांवर पण मजेत वाढतं आणि 32 वर पण, पण 32 वालं उपाशी ठेवलं, विशेषतः नायट्रोजन तोडला, की मायोसिस करून एका पिशवीत चार स्पोअर्स बांधून ठेवतं.

आणि मायोसिस डोळ्याने बघायचं असेल तर न्यूरोस्पोरा. ही नारिंगी बुरशी 1843 साली पॅरिसच्या बेकऱ्यांमध्ये उच्छाद मांडून गाजली. हिची स्पोअर्सची पिशवी इतकी अरुंद की स्पोअर्स ज्या क्रमाने बनले त्याच क्रमाने ओळीत बसतात, चार नाही आठ, कारण मायोसिसनंतर एक साधं विभाजन अजून होतं. एका पालकाचे स्पोअर्स काळे आणि दुसऱ्याचे फिके असतील तर चार काळे चार फिके अशी ओळ दिसली म्हणजे रंगाचं जनुक पहिल्याच विभाजनात वेगळं झालं, आणि दोन-दोन-दोन-दोन असे पट्टे दिसले म्हणजे मध्ये क्रॉसिंग ओव्हर झालंय. याच बुरशीवर बीडल आणि टेटम या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1941 साली जनुकं एन्झाइमचं काम ठरवतात हे दाखवलं, 1958 चं नोबेल त्याचंच.

प्रश्न : अळंबीमध्ये नर-मादी असते का हो? – सावंतवाडी

नसते. असतात ते मेटिंग टाइप, म्हणजे कोणाचं कोणाशी जुळेल हे ठरवणारे प्रकार, दिसायला सगळे सारखेच. ब्लेकस्ली नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1904 मध्ये रायझोपसच्या कुळात दोन प्रकार दाखवले, त्यांना प्लस आणि मायनस म्हणतात. पण छत्रीवाल्या बुरशींमध्ये दोनवर भागत नाही, वाळक्या लाकडावर पंख्यासारखी उगवणारी शिझोफायलम आहे तिच्यात 23 हजारांच्या वर मेटिंग टाइप आहेत, म्हणजे रस्त्यात कोणीही भेटली तरी स्थळ जुळायची शक्यता भरपूर.

भेटल्यावरची तऱ्हा तर अजूनच न्यारी. धागे जुळतात पण केंद्रकं एक होत नाहीत, एकाच पेशीत दोघं वेगवेगळी राहतात, तशीच वाढतात, कधीकधी वर्षानुवर्षं. मग पाऊस पडतो, छत्री वर येते, आणि खालच्या पडद्यांवरच्या खास पेशींमध्ये ती दोन केंद्रकं एकदाची एक होतात, आणि लगेच मायोसिस, चार स्पोअर्स. आपण तोडतो ती छत्री फक्त या शेवटच्या टप्प्यापुरती असते, बाकी सगळं मातीत किंवा लाकडात.

काही बुरशी हे इतकं लपून करतात की माणसाला पत्ताच लागत नाही. पेनिसिलीन 1928 मध्ये सापडलं, पण कारखान्यात ज्या पेनिसिलियमपासून ते बनवतात तिच्यात हे मीलन प्रयोगशाळेत घडवून दाखवलं गेलं ते थेट 2013 मध्ये. तोवर ती बिनलग्नाचीच समजली जायची.

प्रश्न : धिंगरी अळिंबीचा छोटा धंदा सुरू करायचाय. छत्रीचे स्पोअर्स कागदावर पाडून तेच बी म्हणून वापरले तर स्पॉनचा (विकतच्या अळिंबी बियाण्याचा) खर्च वाचेल ना? – बारामती

वाचणार नाही, वाढेल. वरचं पत्त्यांचं वाचलंत ना, प्रत्येक स्पोअरमध्ये वेगळी वाटणी आहे. धिंगरीचा एकटा स्पोअर रुजला तर धागे येतील पण जोडीदाराशिवाय छत्री धरणार नाही, आणि भरपूर स्पोअर्स एकत्र टाकले तर कुठल्या जोड्या जमतील आणि कुठली किती पीक देईल याची काही गॅरंटी नाही. धंद्याला प्रत्येक बॅग सारखी लागते. म्हणून स्पॉनवाले चांगल्या अळिंबीच्या आतला तुकडा घेतात, तो वाढवतात आणि मग निर्जंतुक केलेल्या गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर चढवतात. मायोसिस मध्ये येतच नाही, त्यामुळे वाण तोच राहतो. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीवर काम करणारा प्रकल्प आहे, तिथे आधी चौकशी करा.

बटण मशरूमची गोष्ट थोडी निराळी, तिच्यात बहुतेक वेळा चाराऐवजी दोनच स्पोअर्स बनतात, प्रत्येकात दोन-दोन केंद्रकं, त्यामुळे एकटा स्पोअरसुद्धा छत्री देऊ शकतो. पण वाटणी तिथेही झालेली असतेच, त्यामुळे बीसाठी स्पोअर्स तिचेही नकोत. नवीन वाण शोधणाऱ्या संशोधकाला मात्र तेच लागतात.